चीनचा इतिहास छातीठोकपणे कसा सांगावा

परवा एका व्याख्यानात वक्त्याने मिंग घराणं तीन वाक्यांत बुडवलं. मांचू (पुढचं छिंग घराणं यांचंच) आले, भिंत फोडली, बीजिंग घेतलं. वर 'स्वर्गाची मर्जी फिरली' ही फोडणी. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. इतकं सोपं असेल तर तुम्ही तरी का मागे राहायचं? चिनी राजघराण्यांवर तासभर बोलायला काय काय लागतं ते सांगतो. वाचन लागत नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं.

सुरुवात 'पाच हजार वर्षांची अखंड सत्ता' अशी करा. 'अखंड'वर आवाज चढवा. चीनमधलं सर्वांत जुनं लिखाण आन्यांगला सापडलेल्या, शकुन पाहायच्या हाडांवर आहे आणि ते इ.स.पू. १२०० च्या आसपासचं आहे. म्हणजे अठराशे वर्षं तुम्ही पदरची घातलीत, पण मोजतो कोण? हान साम्राज्य इ.स. २२० मध्ये संपलं आणि सुई घराण्याने देश पुन्हा जोडला तो ५८९ मध्ये. मधल्या ३६९ वर्षांत पश्चिम जिन घराण्याने जमवलेली दोन-तीन दशकांची एकी सोडली तर सगळी फाटाफूट. ९०७ ते ९६० या ५३ वर्षांत उत्तरेत पाच घराणी येऊन गेली. मग सुंग आले. १००५ च्या तहानुसार ते उत्तरेच्या लिआओ राज्याला दरसाल १ लाख तैल (चांदी तोलायचं चिनी माप) चांदी आणि २ लाख ताके रेशीम पाठवत. १०४२ मध्ये दोन्हींत एकेक लाखाची वाढ झाली. ११२७ मध्ये तर ईशान्येकडच्या जुर्चेन लोकांनी कायफंग राजधानीतून गादीवरचा सम्राट आणि त्याचा बाप, दोघांनाही धरून नेलं. हे सगळं गाळा. अखंडपणाला तडा जातो.

पडद्यावर घराण्यांचा तक्ता लावा. छिन, हान, सुई, तांग, सुंग, युआन, मिंग, छिंग, एकाखाली एक, रेल्वेच्या डब्यांसारखी जोडलेली. ही जोडणी कुणी केली ते बोलू नका. आधीच्या घराण्याचा अधिकृत इतिहास नंतरचं घराणं लिहून घेत असे, आपणच खरे वारस हे ठसवायला. मंगोलांच्या युआन दरबारात लिआओ, जुर्चेनांचं जिन आणि सुंग यांतलं 'खरं' घराणं कुठलं यावर एकमत होईना, म्हणून १३४३ ते १३४५ या काळात मंत्री तोक्तोच्या देखरेखीखाली तिघांचे तीन वेगळे इतिहास लिहून प्रश्न मिटवला. मिंगांनी युआनचा इतिहास १३६९-७० मध्ये घाईघाईत उरकला. मिंगांचा इतिहास छिंग दरबारात पूर्ण व्हायला १७३९ साल उजाडलं. तक्ता मात्र छान दिसतो, नाही का?

चिनी भिंत म्हटलं की नाव पहिला सम्राट छिन शी ह्वांगचं घ्या आणि फोटो मिंगकाळातल्या विटांच्या भिंतीचा लावा.

वू झतियेनबद्दल फक्त भानगडी सांगा. ६९० ते ७०५ ती स्वतःच्या चौ घराण्याची सम्राट होती, हे तपशिलात जाणं झालं.

कशाचंच कारण सुचेना तर खोजे. खोज्यांवर काहीही खपतं. पहिल्या मिंग सम्राटाने १३८० मध्ये पंतप्रधानपदच रद्द केलं आणि सगळा कागद स्वतःकडे वळवला, हे सांगत बसू नका. पुढे पद्धत अशी पडली की अर्ज आला की महासचिव उत्तराचा मसुदा चिठ्ठीवर लिहून अर्जाला चिकटवत आणि सम्राट लाल शाईने मंजुरी देत. सम्राटाला कंटाळा आला की लाल शाई खोज्यांच्या हाती. म्हणजे खोज्यांची सत्ता त्या रिकाम्या खुर्चीतून आली. पण असं बोललात तर श्रोते जांभया देतील. 'कारस्थानी खोजे' म्हणा आणि पुढे चला.

आता मुख्य पदार्थ, मिंगांचा शेवट. 'शेवटचा सम्राट ऐषारामी होता' हे वाक्य कुठल्याही घराण्याला बसतं, तेव्हा चोंगजनलाही बसवा. तो १६२७ मध्ये पोरवयात गादीवर आला, आल्या आल्या सर्वशक्तिमान खोजा वेई चोंगश्येनचा काटा काढला आणि पुढची १७ वर्षं कागदांत मान घालून बसला, हे विसरा. पैशाचं तर नावच काढू नका. सारा चांदीत भरायचा अशी पद्धत तोवर रुजली होती आणि चांदी यायची जपानमधून आणि मनिलामार्गे स्पॅनिश अमेरिकेतून. म्हणजे शेतकऱ्याने धान्य विकून चांदी घ्यायची आणि ती सरकारला द्यायची. चांदी महागली की सारा न वाढवताही वाढला! त्यात १६१८ मध्ये मांचूंचा पुढारी नुरहाचीने ईशान्येकडच्या लिआओतुंगमध्ये युद्ध पेटवलं आणि सरकारने दर मू (जमिनीचं चिनी माप) जमिनीवर जादा पट्टी बसवली. १६२० पर्यंत ती ९ ली झाली, म्हणजे तैलाच्या हजार भागांतले नऊ. ऐकायला किरकोळ. पण पुढे बंडखोरांशी लढायला आणखी एक पट्टी, सैन्याला कवायत शिकवायला तिसरी, आणि हे सगळं दुष्काळाने होरपळलेल्या शान्शीसारख्या प्रांतात. खर्च वाचवायला १६२९ मध्ये सरकारी टपालचौक्यांना कात्री लावली. त्यात नोकरी गेलेल्यांत ली त्सचंग नावाचा एक चौकीदार होता, असं सांगतात. हाच ली त्सचंग पुढे बंडखोरांचा पुढारी झाला आणि २५ एप्रिल १६४४ ला बीजिंगमध्ये घुसला. चोंगजनने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला. तेव्हा मांचू कुठे होते? भिंतीपलीकडे! त्यांनी त्याआधी भिंत ओलांडून धाडी घातल्या होत्या, १६२९ मध्ये तर बीजिंगच्या वेशीपर्यंत आले होते, पण राजधानी घेतली ती आतल्या माणसांनी. सैनिकांचे पगार थकले होते, सम्राट सरदारांकडे वर्गणी मागत होता आणि सासरा चौ क्वेई घासाघीस करत होता. तोच सासरा नंतर ली त्सचंगच्या मारहाणीखाली कितीतरी जास्त मोजून मोकळा झाला.

आणि भिंत कुणी फोडली? कुणीच नाही हो! शान्हाय खिंडीचा सेनापती वू सानक्वेई याने मांचूंचा कारभारी दोर्गोन याच्याशी हातमिळवणी करून वाट दिली. खिंडीपाशी हरून परतलेल्या लीने ३ जूनला स्वतःचा राज्याभिषेक उरकला, ४ ला पळाला, ५ ला दोर्गोन शहरात आला. त्याच्या फौजेत चिनी तुकड्याही होत्या. मिंगांचे वंशज दक्षिणेत १६६२ पर्यंत झुंजले. त्यांतल्या शेवटच्याला मारलं ते याच वू सानक्वेईने आणि १६७३ मध्ये तोच छिंगांविरुद्ध उठला. मिंगनिष्ठांच्या ताब्यातलं तैवान पडलं १६८३ मध्ये. तक्त्यातल्या '१६४४' या आकड्याच्या पोटात चाळीस वर्षांचं युद्ध आहे आणि तुम्ही ते तीन वाक्यांत उरकता?

छिंगांच्या ऱ्हासाला अफू कारणीभूत, एवढंच म्हणा. त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची आणि जमशेटजी जीजीभाईंच्या संपत्तीचा मोठा भाग त्या व्यापारातून आला, हे मुंबईच्या श्रोत्यांना सांगून कशाला रसभंग करायचा?

शेवटी भाकीत हवंच. 'प्रत्येक घराणं अडीच-तीनशे वर्षं टिकतं' म्हणा, ते कम्युनिस्ट सत्तेवर आले त्या १९४९ मध्ये मिळवा आणि तारीख जाहीर करा. तांग २८९ वर्षं, मिंग २७६, छिंग बीजिंगमध्ये २६८. छिनने पंधरा वर्षांत गाशा गुंडाळला, सुई सदतिसाव्या वर्षी संपले, वांग मांगचं शिन घराणं इ.स. ९ ते २३ एवढंच चाललं. ही तिन्ही सरासरीत धरायची नाहीत, नाहीतर भाकीत बिघडतं.

पुरे झाली थट्टा. अहो, तुम्हाला चिनी यायला हवं असं कुणी म्हणत नाही. पण ज्या घटनेवर पैसे घेऊन बोलता तिचा दिवस, जागा आणि माणसं तरी पाहून या. कुठल्याही बऱ्या ग्रंथालयात अर्ध्या तासाचं काम आहे. शेजारच्या एवढ्या मोठ्या देशाबद्दल आपल्याला काडीची माहिती नाही आणि त्या अज्ञानाला तुम्ही व्यासपीठ, माइक आणि शाल-श्रीफळ देता. आणि आयोजकहो, कुणी '१६४४ मध्ये बीजिंगमध्ये आधी कोण शिरलं?' असं विचारलं की 'वेळ संपली' म्हणून माइक काढून घेऊ नका. त्या प्रश्नाचं उत्तर वक्त्याकडून घ्या, आणि नसेल येत तर पुढच्या वर्षी त्याला बोलावू नका.