पंचायतीने मनोरुग्णांची यादी करायची? ‘त्या’ मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतोय. खुनाच्या एका बातमीला जोडून कोणीतरी तो लिहिलाय. खाली नाव नाही, नुसतं ‘एक डॉक्टर’. म्हणणं थोडक्यात असं: कारण नसताना होणारी हिंसा म्हणजे मनोरोगच, शहाणा माणूस उगाच कोणाच्या अंगावर जात नाही. आजच्या जीवघेण्या स्पर्धेने तरुणांची डोकी फिरवली, पूर्वी असं नव्हतं. मनोविकाराच्या गोळ्यांनी माणूस उलट जास्त हिंसक होतो. म्हणून प्रत्येक पंचायतीने आपल्या हद्दीतल्या मनोरुग्णांची यादी करून पोलिसांकडे द्यावी आणि भाडेकरू ठेवतानाही ही चौकशी करावी.

माझ्या मावशीला हा मेसेज तिच्या सख्ख्या पुतण्याने पाठवला. मावशीच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. आजार जुना आहे. बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या ओपीडीतून महिन्याच्या गोळ्या येतात, त्या तो नेमाने घेतो आणि कुळागरात राबतो. पोफळींना पाणी सोडतो, सुपारी गोळा करतो, नारळ सोलतो, संध्याकाळी देवळात भजनाला बसतो. मेसेज वाचून मावशीचा मला फोन: “आता त्याच्या हातात कोयती देऊ नको काय रे?” इतकी वर्षं जी बाई सगळ्या गावाचं बोलणं सोसून मुलाच्या पाठीशी उभी राहिली, तिला एका निनावी मजकुराने पोटच्या पोराची भीती घातली. म्हणून हे लिहितोय आणि चिडूनच लिहितोय. त्याला विचारून लिहितोय. नाव-गाव मात्र सांगणार नाही.

‘कारण नसताना’ इथूनच सुरुवात करू. पेपरात छापून येतं, ‘क्षुल्लक कारणावरून खून’. ते कारण वाचणाऱ्याला क्षुल्लक वाटतं. मारणाऱ्याला त्या घटकेला वाटत नसतं. चारचौघांत झालेला अपमान, घराची वाटणी, सरकवलेला बांध, अडवलेली वाट, बुडालेली उधारी, बायकोवरचा संशय. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा 2022 चा अहवाल उघडून बघा. त्या वर्षी देशात 28,522 खून नोंदले गेले. त्यांतले 9,962 वादांतून, 3,761 वैयक्तिक वैरातून, 1,884 काही लाभासाठी. निम्म्याहून जास्त खून या तीन रकान्यांतच संपले. ही कारणं आपल्या प्रत्येक वाड्यावर आहेत. ती आपल्याला इतकी ओळखीची आहेत की त्यांच्यापायी कोणी जीव घेईल हे मानवत नाही. मग आपण म्हणतो, वेडाच असला पाहिजे. त्याने मारलं म्हणून तो वेडा आणि वेडा म्हणून त्याने मारलं, हे गोल गोल फिरणं आहे. याला निदान म्हणत नाहीत आणि कोणताही डॉक्टर ते निदान म्हणून लिहून देणार नाही.

स्पर्धेचा मुद्दा लवकर उरकतो, कारण त्यात फारसा दम नाही. 1992 साली देशात 40 हजारांच्या आसपास खून नोंदले गेले होते. 2022 पर्यंत लोकसंख्या पन्नास कोटींनी वाढली, तरी खुनांचा आकडा साडेअठ्ठावीस हजारांवर आला. लाखामागचं प्रमाण साडेचारच्या वर होतं, ते 2.1 झालं. आणि नेमक्या याच तीस वर्षांत खुल्या अर्थव्यवस्थेपासून कोचिंग क्लास, जेईई, नीटपर्यंत सगळी स्पर्धा वाढत गेली. ‘पूर्वी असं नव्हतं’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे कधी बघितलेच नाहीत. शिवाय आपण गोंयकार तर स्पर्धांत वाढलेले. कला अकादमीची नाट्यस्पर्धा, भजनी स्पर्धा, शिगम्याचे रोमटामेळ. निकालावरून वर्षानुवर्षं अबोला धरलेली मंडळं मला ठाऊक आहेत, पण तो अबोलाच असतो. दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्री मारामाऱ्या होतात, हे खरं. पण त्या रात्री कोण किती प्यालेला असतो, हेही वाड्यावर सगळ्यांना ठाऊक असतं.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी, मनात नसलं तरी. परीक्षा आणि नोकरीचा ताण जीव घेतो. पण तो बहुतेक वेळा स्वतःचाच. 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि त्यांत 13,044 विद्यार्थी होते. मेसेज लिहिणाऱ्याला तरुणांची खरोखर काळजी असती, तर हा आकडा त्याने पहिल्या ओळीत घातला असता. त्याने त्या पोरांना ‘डोकी फिरलेली’ म्हटलं आणि पुढे गेला.

आता यादी. मेसेजमधली सगळ्यात घातक गोष्ट हीच. बाकी चुका आहेत, ही मात्र माणसाचं वाटोळं करणारी सूचना आहे. आमच्याच गटात एका माजी पंचाने तिच्याखाली अंगठा दाखवलाय, त्यामुळे हे नीट सांगणं भाग आहे.

मनोरुग्ण हिंसक असतात का, हा प्रश्न अंदाजाने सोडवायचा नाही. तो मोजून झालेला आहे. अमेरिकेत मॅकआर्थर फाउंडेशनच्या पाठबळावर एक मोठा अभ्यास झाला. स्टेडमन आणि सहकाऱ्यांनी तो 1998 मध्ये प्रसिद्ध केला. तीन शहरांतल्या मनोरुग्णालयांतून घरी सोडलेल्या हजाराहून अधिक रुग्णांचा त्यांनी वर्षभर मागोवा घेतला. नुसते पोलिसांचे कागद बघितले नाहीत. रुग्णाला विचारलं, त्याला जवळून ओळखणाऱ्या माणसालाही विचारलं. आणि खरी हुशारी पुढे आहे: पिट्सबर्गमध्ये त्याच वस्त्यांत राहणाऱ्या पाचशेवर शेजाऱ्यांनाही तेच प्रश्न विचारले. म्हणजे तुलना झाली ती रुग्ण आणि त्याच आळीतला सर्वसाधारण माणूस यांची.

निघालं ते असं. ज्या रुग्णांना दारूचं किंवा ड्रग्जचं व्यसन नव्हतं, त्यांच्या हिंसेचं प्रमाण व्यसन नसलेल्या शेजाऱ्यांहून वेगळं काढता आलं नाही. व्यसन आलं की प्रमाण चढलं, रुग्णांत चढलं आणि शेजाऱ्यांतही चढलं. आणि रुग्णांच्या हातून जी हिंसा झाली, तीही बहुतेक घरच्यांवर किंवा ओळखीच्यांवर, घरातच. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसावर झेप घेणारा जो ‘वेडा’ मेसेजमध्ये रंगवलाय, तो या अभ्यासात क्वचितच भेटतो.

अर्धं सत्य आहे ते लपवणार नाही. याच अभ्यासात रुग्णांमध्ये व्यसनाचं प्रमाण शेजाऱ्यांपेक्षा जास्त सापडलं आणि व्यसनाचा परिणामही त्यांच्यात जास्त झाला. उपचार नसलेला स्किझोफ्रेनिया, कोणीतरी आपल्याला मारायला टपलंय अशी पक्की समजूत आणि वर दारू, हे एकत्र आलं की धोका असतो. ज्या घरात असं झालंय त्या घराला खोटं पाडायचा मला अधिकार नाही. पण त्यावरचा उपाय वेळेवर उपचार आणि दारूपासून लांब ठेवणं हा आहे. पंचायतीच्या यादीत नाव लागून यातलं काय साधणार?

आपल्याकडचा हिशेब करा. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात (गोवा त्यात नव्हता, बारा राज्यं होती) गंभीर मनोविकाराने त्या वेळी आजारी असलेल्या प्रौढांचं प्रमाण साधारण 0.8 टक्के आलं. ते इथे लावलं तर गोव्यात अशी माणसं हजारोंनी आहेत. गोव्यात वर्षाला खून होतात काही डझन. ते सगळेच्या सगळे मनोरुग्णांनी केले असं धरलं, जे अजिबात खरं नाही, तरीसुद्धा हजारो माणसं कोणालाही इजा न करता तुमच्या-माझ्या शेजारी जगताहेत असाच अर्थ निघतो. मग यादीत नाव कोणाचं जाणार? जो सरकारी ओपीडीत गेला, ज्याचा केसपेपर आहे, जो गोळ्या घेतोय, त्याचं. ज्याच्यावर उपचारच नाहीत त्याचा कागद कुठे असणार? त्याच निम्हान्सच्या सर्वेक्षणात वेगवेगळ्या विकारांचे 70 ते 92 टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. यादी निघणार अशी नुसती कुणकुण लागली तरी उरलेलेही केसपेपर काढायला घाबरतील. बांबोळीला जाताना ‘गोमेकॉत (तिथल्याच गोवा मेडिकल कॉलेजात) डोळे दाखवायला चाललोय’ असं शेजाऱ्यांना सांगणारी घरं आजही आहेत. त्यांना आणखी किती लपायला लावायचं?

कायदाही स्पष्ट आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला दिलाय. त्याच्या संमतीवाचून त्याचा फोटो किंवा माहिती माध्यमांना देता येत नाही. त्याला साखळीने बांधता येत नाही. एखाद्या पंचायतीने असा ठराव घेतलाच, तर तो घेणाऱ्यांनी आधी हा कायदा वाचावा.

आणि भीती नेमकी कोणाला कोणाची वाटायला हवी? शिकागोत लिंडा टेप्लिन या संशोधिकेने 2005 मध्ये दाखवलं की गंभीर मनोविकार असलेल्यांपैकी चौथा हिस्सा लोक एका वर्षात स्वतः हिंसक गुन्ह्याचे बळी झाले होते. सर्वसाधारण लोकांच्या अकरा पटींहून जास्त. मावशीच्या मुलाची हिंसेशी गाठ अशीच पडली. बाजारात पोरांनी त्याला दगड मारले होते. त्याने उलट हात उचलला नाही, घरी येऊन गप्प बसला.

संपूर्ण मेसेजमध्ये दारू हा शब्द एकदाही नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा आलाय. मार्विन वुल्फगांग या अभ्यासकाने फिलाडेल्फियात 1948 ते 1952 या काळात झालेले 588 खून तपासले. सगळ्यात मोठा गट साध्या बाचाबाचीतून पेटलेल्या खुनांचा निघाला आणि जवळजवळ दोन तृतीयांश प्रकरणांत मारणारा, मरणारा किंवा दोघेही प्यालेले होते. गोव्यात दारू स्वस्त आहे, हाताशी आहे आणि तिच्याबद्दल बोलणं आपल्याला अवघड जातं. कारण पिणारा आपला काका असतो, भाऊ असतो. मनोरुग्णाबद्दल बोलणं मात्र सोपं, तो उलट उत्तर देत नाही. दारूवर काही करता येतं, हेही गोव्यातच दिसलंय. पर्वरीच्या संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी समुपदेशन करून पाहिलं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. मोजक्या बैठका झाल्या. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के पुरुष त्या घातक पिण्यातून बाहेर आले होते. ज्यांना ते मिळालं नाही त्यांच्यात 26 टक्के. 2017 मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पंचायतीला काही करायचंच असेल, तर आपल्या आरोग्य केंद्रात असा समुपदेशक बसतो का, हे विचारावं.

राहिल्या गोळ्या. ‘गोळ्यांनी माणूस हिंसक होतो’ हे वाचून कोणी उद्या गोळ्या बंद केल्या, तर त्याचं पाप या लिहिणाऱ्याच्या माथी. स्वीडनमध्ये फाझेल आणि सहकाऱ्यांनी ऐंशी हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या, 2014 मध्ये प्रसिद्ध केल्या. एकाच माणसाचा गोळ्या चालू असतानाचा काळ आणि बंद असतानाचा काळ त्यांनी शेजारी ठेवून बघितला. सायकोसिसवरची (भास आणि भ्रम होणाऱ्या आजारांवरची) औषधं चालू असताना हिंसक गुन्हे 45 टक्क्यांनी कमी होते. या औषधांचे त्रास आहेत: वजन वाढतं, सुस्ती येते, काहींचे हात थरथरतात. मावशीचा मुलगाही कुरकुर करतो. त्यासाठी मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. ते काम लिहून देणाऱ्या डॉक्टरांचं आहे, आपल्या मनाने गोळ्या तोडायच्या नाहीत.

मावशीला मी सांगितलं, कोयती त्याच्या हातात राहू दे. झोप उडाली, गोळ्या चुकायला लागल्या, कोणाचा तरी संशय बोलून दाखवायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता बांबोळीला घेऊन जा. ज्या घरांत असं कोणी आहे त्यांनाही हेच सांगेन. रात्री-अपरात्री कोणाला विचारावं सुचलं नाही, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.