क्षयाच्या जंतूचा ठसा आणि भाडेकरूवरचा आळ

गोव्यातल्या औद्योगिक वसाहतींजवळच्या घरमालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: ‘टीबीच्या जंतूचे आता डीएनए फिंगरप्रिंटिंग होते. आपल्या वेर्ण्यात बनणाऱ्या ट्रूनॅट मशीनवर तासाभरात ते कळते. दोघांचा ठसा जुळला की टीबी कुणी दिला ते सिद्ध. परप्रांतीय भाडेकरूंची तपासणी करून घ्या आणि जुळला तर खोली रिकामी करा.’ पहिले वाक्य खरे आहे. पुढची तिन्ही चुकीची आहेत आणि त्यापायी एखाद्या आजारी माणसाचे छप्पर जाऊ शकते, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

आधी ट्रूनॅट. ते गोव्यात बनते आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली, याचा मलाही अभिमान आहे. पण ते दोनच प्रश्नांची उत्तरे देते: बेडक्यात क्षयाचा जंतू आहे का, आणि असल्यास त्याच्यावर रिफाम्पिसिन हे क्षयावरचे मुख्य औषध चालेल का. जंतूच्या डीएनएचे ठरावीक तुकडेच ते तपासते. हा जंतू शेजाऱ्याच्या जंतूचा सख्खा आहे की परका, हे त्यातून कळत नाही.

‘तासाभरात’ हेही खोटे. ठसा घ्यायला बहुतेक वेळा आधी जंतू वाढवावा लागतो. आतड्यातला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळपास वीस तास लागतात. अंड्यांपासून केलेल्या हिरव्या एलजे माध्यमाच्या तिरक्या पृष्ठभागावर फुलकोबीसारख्या खरखरीत, पिवळट वसाहती दिसायला कित्येक आठवडे जातात. मग डीएनए काढायचा, पीव्हीयू-२ या एन्झाइमने कापायचा, जेलवर तुकडे वेगळे करायचे आणि आयएस६११० हा डीएनएचा क्रम कुठकुठल्या तुकड्यांवर बसला आहे ते पाहायचे. अशा तुकड्यांच्या जेलवर दिसणाऱ्या पट्ट्यांची रचना म्हणजेच जंतूचा ठसा. १९९३ मध्ये प्रमाणित झालेली आरएफएलपी पद्धत ती हीच. १९९७ मध्ये आलेले स्पोलिगोटायपिंग याहून झटपट होते, पण ते ४३ लहान क्रमांपैकी कोणते आहेत आणि कोणते नाहीत एवढेच पाहते. तिथे आपसांत काहीही संबंध नसलेल्या रुग्णांचे नमुनेही सर्रास सारखे निघतात.

आता संदेशाचा गाभा: जुळला म्हणजे सिद्ध. इथे आपल्या भागाची एक खास अडचण आहे. दक्षिण भारतातल्या अभ्यासांत आयएस६११० ची एकच प्रत असलेले, किंवा एकही नसलेले, जंतू मोठ्या प्रमाणात सापडले आहेत. पट्टी एकच असेल तर ती जुळण्यावर कसला निष्कर्ष काढणार? म्हणूनच २४ जागांवरच्या पुनरावृत्ती मोजणारी मिरु-व्हीएनटीआर पद्धत वापरात आली आणि त्यानंतर संपूर्ण जनुकक्रम वाचणे सुरू झाले. या जंतूच्या जनुकक्रमात सुमारे ४४ लाख अक्षरे आहेत आणि त्यांत साधारण दोन वर्षांनी एखादे बदलते. दोन रुग्णांच्या जंतूंत पाच किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असेल, तर अलीकडचा संसर्ग असण्याची शक्यता मोठी. बारापेक्षा जास्त असेल तर ती फार कमी.

पण फरक शून्य निघाला तरी भाडेकरूकडून मालकाला, मालकाकडून भाडेकरूला, की दोघांनाही तिसऱ्याच कुणाकडून, हे जंतू सांगत नाही. याउलट ठसे स्पष्टपणे वेगळे निघाले तर या दोघांत अलीकडे देवाणघेवाण झाली नाही, असे बरेच ठामपणे म्हणता येते. म्हणजे भाडेकरूवरचा आळ काढायला ही पद्धत जितकी भक्कम आहे, तितकी तो सिद्ध करायला नाही. तिचे खरे उपयोगही वेगळेच आहेत. बरा झालेला रुग्ण पुन्हा आजारी पडला तर जुनाच जंतू उलटला की नवा आला, हे तिच्यामुळे कळते. प्रयोगशाळेत एका नळीतला जंतू दुसरीत गेला असेल, तर ती चूकही पकडता येते.

राहिला परप्रांतीयांचा मुद्दा. संसर्ग झालेल्यांपैकी पाच ते दहा टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. त्यातल्या बऱ्याच जणांना पहिल्या दोनेक वर्षांत होतो, तर काहींना कित्येक दशकांनी. म्हापशातल्या एखाद्या आजीला ऐंशीव्या वर्षी झालेला टीबी तिने तरुणपणी श्वासातून घेतलेल्या जंतूचाही असू शकतो. त्या वेळी तुमच्या भाडेकरूचा जन्मही झालेला नसेल.

वाड्यावर कुणाला टीबी निघालाच, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या सगळ्यांनी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन तपासून घ्यावे. तपासणी मोफत आहे. आजार नाही याची खात्री झाली की प्रतिबंधक गोळ्याही मिळतात. औषध लागू पडत असेल तर रुग्णाकडून पसरण्याचा धोका झपाट्याने कमी होतो, पण नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा आहे. खोली रिकामी करायला लावलीत तर तो रातोरात दुसरीकडे जाईल, ‘निक्षय’ या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतला पत्ता खोटा ठरेल, गोळ्या मध्येच तुटतील, आणि कामावर तो तसाच खोकत जात राहील.