हप्ता खरंच भाडेकरू फेडतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार थोडक्यात अशी: मी नवख्यांना उगाच घाबरवतो. भाड्याने द्यायला घर घेताना 20 टक्के स्वतःचे घालून 80 टक्के कर्ज काढलं की हप्ता भाडेकरूच फेडतो, आणि किंमत वर्षाला 5 टक्के वाढली तरी आपल्या पैशावर 25 टक्के सुटतात. पाचाला विसाने भागलं की 25 टक्के येतात, त्यात चूक नाही. पण त्या भागाकारात व्याज नाही, रिकामे महिने नाहीत, खरेदीचा खर्च नाही. तेवढं घालून बघू.

घराची किंमत 100 धरा. कर्ज 80, व्याज 9 टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता महिन्याला 0.72, म्हणजे वर्षाचे 8.64. वर्षाचं भाडं किमतीच्या 5 टक्के. वर्षातला एक महिना रिकामा धरा: जुना भाडेकरू गेला, घराला रंग दिला, नवा मिळेपर्यंत हप्ता काही थांबत नाही. उरले 4.58. देखभाल शुल्क, मालमत्ता कर, विमा आणि किरकोळ दुरुस्त्या मिळून 1.2 काढले की हातात 3.38. हप्त्यातले बाकीचे 5.26 तुमच्या पगारातून जातात. भाडेकरू चाळीस टक्केही फेडत नाही.

आता परतावा. पहिल्या वर्षीच्या हप्त्यांत व्याज 7.14 असतं, मुद्दल जेमतेम दीड. मुद्दल तुमचंच, म्हणून ते खर्चात धरत नाही. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, वकील यांत 8 गेले असतील तर तुमचे गुंतलेले पैसे 20 नव्हेत, 28. किंमत 5 ने वाढली तर 5 अधिक 3.38 वजा 7.14, राहिले 1.24. म्हणजे साडेचार टक्क्यांच्याही आत. किंमत जागच्या जागी राहिली तर उणे 13 टक्के, 5 ने उतरली तर उणे 31. खरेदीत गेलेले 8 कायमचे गेले, तो तोटा यात अजून धरलेलाच नाही.

तुमचं गणित कुठे बसतं तेही सांगतो. व्याज 4 टक्के आणि भाडं 8 टक्के असेल तर त्याच हिशेबाने हातात 6.13 येतात आणि हप्ता पडतो 5.82. तिथे भाडेकरू खरोखर हप्ता फेडतो. खर्च वजा जाता उरलेलं भाडं किमतीच्या किती टक्के, ते काढा. कर्जाचा व्याजदर त्याहून जास्त असेल तर तुम्ही भाड्यावर नव्हे, निव्वळ भाववाढीवर पैसे लावताय. लावा हवं तर, पण भाड्याचं उत्पन्न म्हणून लावू नका.

बदलत्या व्याजदराचा मुद्दा तुम्ही एका ओळीत उडवून लावलाय. हप्ता तोच ठेवून दर सुरुवातीलाच 9 वरून 10.5 झाला तर 20 वर्षांचं कर्ज 34 वर्षांवर जातं. 10.8 ला तोच हप्ता नुसत्या व्याजातच संपतो, आणि दर त्याहून वर गेला की मुद्दल उलट वाढायला लागतं.

“मग सुरुवात कशी करायची ते तरी सांगा,” हा तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे. जाहिरातीतलं भाडं धरू नका, ते मागितलेलं भाडं असतं. त्याच इमारतीतले गेल्या वर्षभरातले दोन-तीन भाडेकरार पाहायला मिळतात का बघा, आणि किती घरं किती दिवस रिकामी पडली होती हे पहारेकऱ्याला विचारा. दलालापेक्षा त्याला जास्त माहीत असतं. घर एकदा भर पावसात बघा. एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर खिडकीच्या खालच्या कोपऱ्याला हात लावा: गार, ओलसर लागलं किंवा पापुद्रा सुटला तर ओल आतून येतेय आणि ती दुरुस्ती 1.2 मध्ये मावणार नाही. विक्रेत्याचं त्याच घरावर कर्ज असेल तर ते फिटल्याचा कागद आणि मूळ दस्तऐवज हातात येण्याची अट करारात घाला. ही अट लिहून होण्याआधी इसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, देऊ नका. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढून ठेवा. ते डाऊन पेमेंटमध्येच संपत असतील तर ते घर सध्या तुमच्यासाठी मोठं आहे, लहान बघा.

तुमच्या डोळ्यासमोर एखादं ठरावीक घर असेल तर किंमत, प्रत्यक्षातलं भाडं, वर्षाचा खर्च आणि व्याजदर एवढे चार आकडे इथेच टाका. घराचा पत्ता देऊ नका, त्याची गरज नाही.