थाळी फोंड्याची, फोटो नॉर्वेचा

पात्रांव, खानावळ काढलीत ना? मग आता इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकायला शिका, जेवणाचं नंतर बघू. पहिलं म्हणजे स्वतःच्या थाळीचा फोटो अजिबात काढायचा नाही. स्टीलचं ताट, उकड्या तांदळाचं शीत, हुमण, किसमूर, तिसऱ्यांचं सुकं, रव्यात तळलेला एक बांगडा आणि वाटीत गुलाबी सोलकढी, हे कोणाला बघायचंय? गूगलवर 'फिश प्लेट' टाकायचं आणि लिंबाची फोड, हिरवी पानं वगैरे असलेला पहिला जो नॉर्वेचा सामन मासा दिसेल तो उचलायचा. मधोमध फोटो विकणाऱ्या साइटचं नाव पुसट दिसतंय? त्यावर आपला लोगो डकवा, भागलं. गिऱ्हाइकाने येऊन सामन मागितलाच तर सांगायचं, आज बाजारात आला नाही. १ जून ते ३१ जुलै आपल्या गोव्यात ट्रॉलर बंद असतात ना, नेमकं त्याच ६१ दिवसांत 'आजचा ताजा मासा' टाकायचं, हिंमत दिसते.

खरा फोटो काढायचीच वेळ आली तर रात्री ट्यूबखाली काढा आणि वरून फ्लॅश मारा. सकाळी खिडकीपाशी ताट ठेवलं की फुकटच्या उजेडात रव्याचा कण न् कण दिसतो म्हणे, पण फुकटचं काही घेऊ नये.

आता डिझाइन. ते भाच्याकडे द्या, त्याच्या मोबाइलात कॅनव्हा हे डिझाइनचं ॲप आहे. अक्षरं पाच प्रकारची, लाल बॅकग्राउंडवर पिवळी, आणि मेनू, शाखा, मालकाचा अनुभव, देवाचं नाव, सगळं एकाच फोटोत बसलं पाहिजे. जाहिरातीच्या फोटोत २० टक्क्यांहून जास्त अक्षरं नकोत असा फेसबुकचा एक नियम होता, २०२० मध्ये त्यांनी तो सोडून दिला, आपले बॅनर बघूनच हात टेकले असणार. गणेश चवथीला तर विचारूच नका, मागे गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी, पुढे तुम्ही हात जोडून, बाजूला भागीदार, खाली 'शुभेच्छुक' म्हणून सगळं खानदान, आणि उरलेल्या बोटभर जागेत दोन नेवऱ्या, म्हणजे करंज्या. नेवऱ्यांची ऑर्डर घेता का हे यातून कळत नाही असं कोणी म्हणालं तर समजायचं, जळतो.

साइझवरून भाचा डोकं खाईल, फीडला १०८० बाय १३५० चा उभा फोटो घाल, स्टोरीला १०८० बाय १९२०, कडेला अक्षरं नको कापली जातात, ऐकू नका. प्रेसवाल्याने दिलेला आडवा फ्लेक्सच टाका, मोबाइलवर तो बसच्या तिकिटाएवढा दिसतो. आणि तोही व्हॉट्सॅपवर चार जणांनी सेव्ह करून परत पाठवलेला हवा, दर फेरीला फोटो आणखी दाबला जातो, त्यामुळे फोन नंबरातला तो ३ आहे की ८ हे गुपित राहतं.

रेट? छे! कमेंटमध्ये कोणी 'थाळी कितीक?' विचारलं की 'इनबॉक्समध्ये या', आणि इनबॉक्समध्ये आला की 'फोन करा', आणि नंबराचं वर सांगितलंच. हॅशटॅग बीच, पार्टी, सनसेट असेच घाला, खानावळ फोंड्याच्या बाजारात मागच्या गल्लीत असली म्हणून काय झालं.

फिश थाळीची पोस्ट सोमवारी सकाळी टाकावी, त्या दिवशी अर्धा फोंडा शिवराक असतो, म्हणजे मासे खात नाही, वाचायला निवांत वेळ मिळतो. वर पैसे भरून बूस्ट करा. तिथे आसपासचे दहा किलोमीटर निवडता येतात पण ते चिकट लोकांसाठी, आपण अख्खा भारत निवडायचा. लुधियानाहून लाइक येतात, पाटण्याहून कोणीतरी 'नाइस पिक' लिहितो, सामनला. मध्येच एखादा फोंड्याचाच माणूस विचारेल, दुपारी किती वाजेपर्यंत उघडं असतं? त्याला दोन जोडलेले हात आणि एक लाल बदाम पाठवून मोकळं व्हा. तीन वाजता येईल आणि कुलूप बघून जाईल, वेळ कळलीच ना त्याला.