काड्या, फेविकॉल आणि एक अनामिक प्रतिक्रिया

अनामिक महोदय,

मुलांना काड्यांचे पूल बांधायला शिकवणाऱ्या माझ्या शिबिराच्या लेखाखाली आपण लिहिलंत, ‘काड्या चिकटवणं ही हस्तकला, इंजिनिअरिंग नव्हे, गणिताशिवाय पूल शिकवणं म्हणजे पालकांना गंडवणं.’ पुढे फी, फोटो आणि माझा डिप्लोमा यांवरही शेरे आहेतच. मतभेद समजू शकतो. पण गंडवणं? ज्याला कधी भेटला नाहीत त्याला फसवा ठरवायची ही कुठली रीत?

गणिताचं म्हणता, तर ऐका. आइस्क्रीमच्या चार काड्यांना भोकं पाडून बोल्टनं चौकोन जोडा. ढकलला की तिरपा होतो. कर्णाची एक काडी घाला आणि मग हलवून दाखवा. सहावीतल्या पोराला हे हातानंच कळतं. नंतर आम्ही पुलाच्या मधोमध बादली टांगून वाळू ओततो. खालच्या काड्या ताणात, वरच्या दाबात. सांधे टिकले तर बहुधा वरचीच काडी आधी बाजूला वाकते. लांबी दुप्पट केली की सडपातळ काडी पेलू शकेल तो दाब चौथाईवर येतो, हे गणितज्ञ ऑयलरनं अठराव्या शतकातच मांडलं. मुलं सूत्र मांडत नाहीत. वाकणाऱ्या काडीला मध्येच आधार चिकटवतात आणि पुन्हा वाळू ओततात. आपल्या लेखी ही हस्तकला असेल, तर असो बापडी.

1907 साली कॅनडातला क्वेबेकचा पूल बांधता बांधता कोसळला, 75 कामगार गेले. दाबातले खालचे मेंबर, म्हणजे सांगाड्याचे दांडे, वाकले होते. (कॅन्टिलिव्हरमध्ये, म्हणजे अशा एका टोकानं अधांतरी पुढे येणाऱ्या पुलात, दाब खाली असतो, नाहीतर आपण तेही धराल.) तिथं गणित येणाऱ्यांचा तुटवडा नव्हता. मेंबरना आलेला बाक साइटवर आधीच दिसला होता. तो मुळातलाच की भारानं आलेला, यावर वाद घालण्यात दिवस गेले.

मीही स्ट्रक्चरमध्ये भरपूर मार्क घेऊन बाहेर पडलो होतो. पहिल्याच साइटवर मुकादमानं छपराच्या ट्रसकडे, म्हणजे त्रिकोणी सांगाड्याकडे, बोट दाखवून विचारलं, ‘साहेब, यातला दाबातला कुठला?’ मी गप्प. आपण खुर्चीत बसून शिकला असाल, मी उन्हात शिकलो.

फेविकॉल रात्रभर सुकू द्यावा, दुपारीच भार टाकला तर सांधे सुटतात, हा आपला मुद्दा मात्र बरोबर. पुढचं शिबिर दोन दिवसांचं ठेवतो.

फी-फोटोंवर बोलण्यात अर्थ नाही. राहता राहिला डिप्लोमा. तो मी लेखाच्या पहिल्याच ओळीत सांगितला होता, स्वतःच्या नावासकट. आपलं नाव असतं, तर आपली डिग्रीही विचारली असती.