15 दिवसांत शुक्राणू वाढत नाहीत

तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात फिरणारा मेसेज असा: 'फवारणी, उष्णता, ताण यांनी पुरुषाचं काही बिघडत नाही, दोष बाईतच असतो. बिघडलंच तर आमच्या चूर्णाने 15 दिवसांत गुण.' असलं वाचून सुनेला एकटीलाच दवाखान्यात धाडतात, म्हणून हे खोडायलाच हवं.

'दोष बाईतच.' मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. संबंध नीट होतात म्हणून शुक्राणूही ठीक, असं नाही. वर्षभरात दिवस गेले नाहीत तर वीर्यतपासणी सुरुवातीलाच करा. त्याआधी 2 ते 7 दिवस संबंध नको. नमुना पूर्ण घ्या. पहिल्या भागातच शुक्राणू जास्त असतात, तो सांडला की रिपोर्ट चुकतो. घरून नेताना डबी अंगाच्या उबेला ठेवून तासाभरात लॅबला पोचवा.

'फवारणीने काही होत नाही.' 1977 साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक बनवणारे कामगार वंध्य झाल्याचं उघड झालं. प्रत्येक औषध तसं नसतं, हेही खरं. पण ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीवर फवारणी चालते. मूळ औषध कालवताना ते सर्वांत तीव्र असतं, आणि पाठीवरचा पंप गळला की चड्डीपर्यंत झिरपतं. अंडकोषाची कातडी हातापेक्षा कितीतरी जास्त औषध शोषते. कालवताना नायट्राइलचे हातमोजे घाला, भिजलेले कपडे लगेच बदला, साबणाने आंघोळ करा, ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका.

'उष्णतेने काही होत नाही.' वृषणांना शरीरापेक्षा 2 ते 4 अंश कमी तापमान लागतं. गुऱ्हाळात चुलवाणापुढे तासन् तास जाळ घालणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. मोठ्या तापानंतरही काही आठवडे संख्या घसरते.

'ताणाने काही होत नाही.' कर्ज, पडलेला दर, झोप नाही: असा ताण लांबला की मेंदूकडून वृषणांना जाणारा संप्रेरकांचा इशारा मंदावतो, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक उतरतं, इच्छा आणि ताठरता आधी जाते. त्यात तंबाखूचा मावा आणि दारू वाढते, ते नुकसान वेगळं. मात्र रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य आले तर ताणावर ढकलू नका, युरोलॉजिस्ट गाठा.

आता चूर्ण. एक शुक्राणू घडायला सुमारे 74 दिवस, बाहेर पडण्याजोगा व्हायला आणखी 10 ते 14. आज मावा सोडला तरी फरक तीन महिन्यांनी दिसेल, फेरतपासणीही तेव्हाच. तालमीत किंवा जिममध्ये 'ताकदीची' म्हणून टोचली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तर उलटं करतात: शरीर स्वतःचं उत्पादन थांबवतं, शुक्राणू शून्यापर्यंत येतात, बंद केल्यावरही परतायला कित्येक महिने लागतात.