ऑइल तापतच नाही, तर जाड कशाला?

नागपूरकर काका, नमस्कार. (वयाची बासष्टी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंत, म्हणून ‘काका’ म्हणतोय, राग मानू नका.)

छोट्या टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या) गाडीत कोणतं इंजिन ऑइल घालावं, या माझ्या लेखावर तुम्ही सणसणीत प्रतिक्रिया दिलीत. चार ओळींत उत्तर मावेना, म्हणून हे वेगळं लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं आधी सांगतो. पुण्यात बसून ५डब्ल्यू-३०सारखं पातळ ऑइल सुचवणाऱ्याने मे महिन्यात नागपूरला येऊन दाखवावं, ४५ अंशांत त्याचं पाणी होतं, आपल्या उन्हात जाड २०डब्ल्यू-५०च पाहिजे. पातळ ऑइल ही कंपन्यांची अ‍ॅव्हरेज वाढवून दाखवायची चलाखी आहे. धरमपेठ ते सीताबर्डी अशी वर्षाकाठी चार हजार किलोमीटर फिरणारी गाडी, तिचं ऑइल सहा महिन्यांनी बदला म्हणणं म्हणजे सर्व्हिस सेंटरची दलाली. तुम्ही तर रोज सकाळी दहा मिनिटं गाडी जागेवर सुरू ठेवून इंजिन तापवता, आणि वर्षभरात डिपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या पट्टीवरची) लेव्हल रेघभरही उतरलेली नाही, म्हणजे इंजिन ठणठणीत. शिवाय ‘०डब्ल्यू म्हणजे शून्य अंशाला वाहणारं ऑइल’ हे माझं वाक्य चुकीचं आहे.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. तो शून्य म्हणजे अंश नव्हे, ‘डब्ल्यू’च्या (विंटरच्या) आधीचा आकडा ही नुसती थंडीतली ग्रेड. ०डब्ल्यूची थंडीतली स्टार्टची चाचणी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३०ला, आणि तुमच्या २०डब्ल्यूचीसुद्धा उणे १५ला. म्हणजे ना पुण्याला ना नागपूरला, त्या पहिल्या आकड्यावरून भांडण्यात काही अर्थ नाही. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ऊन. बाहेर ४५ अंश असोत की १२, इंजिन एकदा तापलं की थर्मोस्टॅट कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याला) ९०च्या आसपास धरून ठेवतो आणि ऑइलही थोड्याफार फरकाने तिथेच येतं. मे महिन्यात घाटात एसी लावून गाडी रेटली तर ऑइल नेहमीपेक्षा जास्त तापेल, मान्य. पण तुमचा रोजचा रस्ता तीन किलोमीटरचा. तेवढ्यात ऑइल तापतंच कुठे? माझ्या गाडीला मी गेल्या हिवाळ्यात ओबीडीचं यंत्र (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं) लावून बघितलं. कोथरूडच्या घरापासून मुलीच्या शाळेपर्यंत ३.२ किलोमीटर, फाटकाशी पोचलो तेव्हा कूलंट नुकतंच सत्तरीला आलेलं. ऑइल कूलंटच्या बरंच मागून तापतं, म्हणजे ते तेव्हा कोमटच असणार. तिथे गाडी बंद, अर्ध्या तासाने परत तेच.

आणि गंमत बघा. डब्यावरचा दुसरा आकडा, तो ३० किंवा ५०, मोजतात १०० अंशांना. तुमचं २०डब्ल्यू-५० शंभर अंशांना साधारण १८ सेंटिस्टोक (ऑइलची जाडी मोजायचं माप) असतं. मी सुचवलेलं ‘पाण्यासारखं’ ५डब्ल्यू-३० चाळीस अंशांना साठ-सत्तर असतं. म्हणजे कोमट इंजिनात ते तुमच्या तापलेल्या २०डब्ल्यू-५०च्या तिप्पट जाड आहे! आणि त्याच चाळीस अंशांना २०डब्ल्यू-५० दीडशेच्या पुढे असतं. टर्बोच्या आतला दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो, त्याच्या बेअरिंगला लागणारं ऑइल इंजिनातूनच एका बारीक नळीने जातं. थंड इंजिनात त्या नळीतून काकवी ढकलायची की ऑइल, एवढाच प्रश्न आहे. प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८००च्या काळात २०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० ही ऑइलं सर्रास होती आणि ती चालली, कारण त्या इंजिनांतल्या फटी तशा होत्या आणि टर्बो नव्हता.

तुमची खरी अडचण ऑइल तापून पातळ होण्याची नाहीच. ते पातळ होतं पेट्रोलने.

हे मी कुठे वाचून सांगत नाही, बोटावर घेऊन बघितलंय. गेल्या डिसेंबरात एका सकाळी बॉनेट उघडून डिपस्टिक ओढली. लेव्हल वरच्या खुणेच्या चांगली अर्धा सेंटीमीटर वर. मी तर एक थेंब वरून घातला नव्हता. पुसून परत घातली, परत तेच. मग थेंब अंगठ्यावर घेऊन तर्जनीने चोळला. सुटी बोटं लगेच एकमेकांवर घसरली, आणि नाकाशी नेलं तर पेट्रोल पंपावर येतो तो वास. ऑइल भरायचं झाकण काढलं तर आतून दुधाच्या सायीसारखा पिवळसर थर. गॅरेजवाल्याने थर बघून आधी हेड गॅस्केटचीच शंका घेतली (ते फाटलं की कूलंट ऑइलमध्ये मिसळतं), पण कूलंट रेघभरही कमी झालं नव्हतं. त्यामुळे ती धास्ती गेली.

हे कसं होतं? इंजिन गार असताना कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत ते थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, गार भिंतीवर बसतं, आणि पिस्टनच्या अजून पुरत्या न फुगलेल्या रिंगांच्या बाजूने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. जोडीला पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, थोडं रिंगांवरून खाली येऊन थंड धातूवर जमतं. लांब पल्ल्याला ऑइल नव्वदी गाठतं, पेट्रोल आणि पाणी दोन्ही उडून वाफेच्या नळीने परत इंजिनात ओढले जातात आणि जळून जातात. तीन किलोमीटरला ते तसेच आत राहतात. दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते, त्यामुळे गार इंजिनात ते आणखीच कुचकामी.

म्हणून काका, लेव्हल रेघभरही उतरत नाही हे तुम्ही अभिमानाने लिहिलंत, तिथेच मला काळजी वाटली. चांगल्या इंजिनातही थोडं ऑइल जळतंच. ते जळूनही लेव्हल जागची हलत नसेल, तर उणीव कोण भरून काढतंय? माझी गाडी मी दिवाळीनंतर कोल्हापूरला नेऊन आणली होती, तेव्हा लेव्हल पार वरच्या खुणेच्या खाली गेली आणि मी घाबरलो, गाडी ऑइल खायला लागली म्हणून. ती ऑइल खात नव्हती, महिनाभर साठलेलं पेट्रोल उडालं होतं.

आणि ते सकाळचं दहा मिनिटं तापवणं आजपासून बंद करा. जागेवर उभी गाडी फार सावकाश तापते आणि तेवढा वेळ जादा पेट्रोल पीत बसते. स्टार्ट केली, पट्टा लावला, आरसा बघितला, निघायचं; पहिले चार किलोमीटर पाय हलका ठेवायचा. पोचल्यावर टर्बो थंड करायला दोन मिनिटं थांबायचं तेही हायवेवरून आल्यावर, सीताबर्डीहून आल्यावर नाही.

मग ऑइल कोणतं? जाडीपेक्षा आधी डब्यामागची बारीक अक्षरं वाचा: एपीआय एसपी. (एपीआय ही ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था, एसपी हा तिचा दर्जा.) छोट्या टर्बोत कमी आरपीएमवर मोठा भार पडला, उदाहरणार्थ चौथ्या गिअरमध्ये दीड हजारावर फ्लायओव्हर चढताना पाय दाबला, की पिस्टनच्या कडेला अडकलेला पेट्रोल-ऑइलचा थेंब कधी कधी ठिणगीच्या आधीच पेट घेतो. आतून हातोडी मारल्यासारखा आवाज येतो आणि नशीब वाईट असेल तर पिस्टनच्या रिंगांमधली धार तुटते. याला एलएसपीआय म्हणतात. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटने हे वाढतं असं दिसल्यावर नव्या ऑइलांत त्यातलं बरंचसं काढून मॅग्नेशियम घातलं. २०१८मध्ये एपीआय एसएन प्लस आलं ते याच चाचणीसाठी, आणि २०२०मध्ये एसपी आलं तेव्हा टायमिंग चेनच्या झिजेची चाचणीही जोडली गेली. गॅरेजमध्ये बादलीतून ओततात ते डिझेलचं १५डब्ल्यू-४० असल्या पेट्रोल टर्बोत नको, ते यासाठी. त्यात कॅल्शियम भरपूर असतं.

एक सूट तुम्हाला आहे. तुमचं १.२ टर्बो पोर्ट इंजेक्शनचं, म्हणजे पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेतच फवारणारं. नेक्सॉनचं पेट्रोल टर्बो, मॅग्नाइट आणि कायगरचं १.० टर्बो, ही त्या गटातली. त्यांत पेट्रोल भिंतीवर कमी बसतं आणि तो थेंब पेटायचा धोकाही कमी. व्हेन्यू आणि सॉनेटचं १.०, फ्रॉन्क्सचं बूस्टरजेट, टायगुन-कुशाकचं टीएसआय यांच्या मालकांनी मात्र वरचा परिच्छेद दोनदा वाचावा.

कंपन्यांच्या चलाखीबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. २०१७-१८पासून कंपन्यांना सरासरी इंधनवापराची मर्यादा घालून दिलीय, २०२२-२३पासून ती आणखी आवळलीय, आणि ०डब्ल्यू-२०सारखी ऑइलं मॅन्युअलमध्ये पहिल्या जागी येण्यामागे तेही एक कारण आहेच. पण पातळ आणि दुबळं यात फरक आहे. १५० अंशांना, दोन धातू जोरात घासत असताना ऑइल किती तग धरतं याचाही एक आकडा असतो, एचटीएचएस. २०च्या ग्रेडला तो किमान २.६ लागतो, ३०ला २.९, ५डब्ल्यू-४०ला ३.५. आता ५डब्ल्यू-३०च्या डब्यावर एसीईए (एपीआयसारखीच युरोपातली संस्था) सी३ किंवा ए३/बी४ असं छापलेलं असेल, तर त्यालाही ३.५ लागतो! म्हणजे गार असताना हलकं आणि तापल्यावर चाळीसच्या तोडीचं. ज्याच्या ऑइलमध्ये पेट्रोल मिसळणारच आहे त्याने असली थोडी शिल्लक हाताशी ठेवावी, हे माझं मत. मॅन्युअलच्या तक्त्यात ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४०ला परवानगी असेल तर एपीआय एसपी आणि सी३ दोन्ही लिहिलेला डबा घ्या. तक्त्यात फक्त ०डब्ल्यू-२० असेल आणि गाडी वॉरंटीत असेल तर तेच घाला, हुशारी करू नका, फक्त लवकर बदला. काही इंजिनांत तर टायमिंगचा पट्टाच ऑइलमध्ये बुडून चालतो. २०१३ला इकोस्पोर्टमध्ये आलेलं १.० इकोबूस्ट तसलं होतं, त्याला कंपनीने सांगितलेलं ५डब्ल्यू-२०च लागतं. तिथे ‘माझ्या मते’ वगैरे चालत नाही.

राहिली दलाली. सर्व्हिस सेंटरवाल्यांचं आणि माझं किती सख्य आहे ते ऐका. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी फुल सिंथेटिक घालायला सांगितलं, पैसे त्याचेच घेतले, आणि घरी येऊन बिल वाचलं तर त्यावर ‘सिंथेटिक ब्लेंड’, म्हणजे साधं ऑइल मिसळलेलं. डबा डोळ्यांसमोर फोडला नव्हता, लूज ऑइल ड्रममधून आलं होतं. तेव्हापासून सीलबंद डबे मीच घेऊन जातो आणि रिकामे परत आणतो.

सहा महिने मी मनाने काढले नाहीत. मॅन्युअलच्या मागच्या पानांत कठीण वापराचा वेगळा तक्ता असतो, तो कोणी उघडत नाही. आपल्याला वाटतं कठीण म्हणजे लडाख. ह्युंदाई आणि कियाच्या मॅन्युअलमध्ये त्या यादीत अगदी वरच लिहिलेलं असतं: नेहमीच्या हवेत वारंवार ८ किलोमीटरपेक्षा कमी चालवणं. म्हणजे तुम्ही आणि मी! वर्षाला चार हजारच किलोमीटर फिरते म्हणून ऑइल ताजं राहतं हा हिशोब उलटा आहे. तीन-तीन किलोमीटरचे चार हजार म्हणजे तेराशे गार स्टार्ट. हायवेवर चार हजारांत वीस होतील. माझ्या गाडीला साडेतीन लिटर ऑइल आणि फिल्टर धरून तीन हजारांच्या वर जातात, वर्षातून दोनदा. टोचतात, नाही असं नाही.

तो खर्च टाळायचा असेल तर एक उपाय आहे, आणि तो कोणत्याही डब्यात मिळत नाही. दर रविवारी मी पौडच्या रस्त्याने पिरंगुटपर्यंत जाऊन परत येतो, साधारण तीस किलोमीटर. तेव्हापासून झाकणाखालची साय गेली आणि डिपस्टिकचा वासही. तुम्ही महिन्यातून दोन-तीनदा काकूंना घेऊन रामटेकला जाऊन या, जाऊन-येऊन शंभर होतात. मग ऑइल वर्षातून एकदा बदललंत तरी मी हरकत घेणार नाही.

उद्या सकाळी स्टार्ट मारायच्या आधी डिपस्टिक ओढून वास घ्या आणि लेव्हल कुठे आहे ते इथेच कळवा. वर असेल तर आधी ऑइल बदला, मग माझ्याशी भांडा. आणि उरलेला अर्धा डबा २०डब्ल्यू-५० टाकून देऊ नका. तुमची ८०० अजून दारात उभी आहे म्हणालात ना, तिला ते चालेल.